सरळ शंखाचे अमोनाइट आणि मावळचा कातळ

‘अमोनाइट’ हा शब्द उच्चारताच वेटोळ्याची आकृती डोळ्यांपुढे उभी राहते. देवघरातील पंचायतनात विष्णूच्या स्थानी पुजला जाणारा शाळिग्राम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही आकृती वेगळी सांगावयास नको. गंडकीच्या पात्रातील काळा गोटा फुटला की आत चक्राची मुद्रा दिसते. ती मुद्रा म्हणजे अमोनाइटाच्या शंखाचा ठसा होय. पाश्चात्त्य नावातही वेटोळेच दडलेले आहे. इजिप्तमधील आमोन या देवाच्या मस्तकावर मेंढ्याची वळलेली शिंगे दाखवीत, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने ‘आमोनचे शिंग’ या नावाने इथिओपियातील एका पवित्र रत्नाची नोंद केली आहे. पुढे शास्त्रज्ञांनी हेच नाव एका संपूर्ण प्राणिवर्गाला दिले. अशा स्थितीत ‘सरळ अमोनाइट’ हा शब्दप्रयोग वदतोव्याघाताचा नमुना वाटावा यात नवल नाही. तथापि असे प्राणी होते, ते थोडेथोडके नव्हते, आणि ज्या काळात मावळचा काळा कातळ तप्त रसाच्या रूपाने वाहत होता नेमक्या त्याच काळात त्यांचा वंश अस्तास जात होता.

या प्राण्यांपैकी सर्वांत परिचित प्रजाती म्हणजे बॅक्युलाइटीस. हे नाव फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क याने १७९९ मध्ये दिले. लॅटिनमध्ये ‘बॅक्युलम’ म्हणजे काठी. रोगजंतूंच्या संदर्भात सर्वांच्या तोंडी असलेला ‘बॅसिलस’ हा त्याच शब्दाच्या लघुत्ववाचक रूपातून निघाला आहे. म्हणजे क्षयाचा जंतू आणि समुद्रतळातील हा अश्म नात्याने नव्हे तरी नावाने भाऊबंद ठरतात. सरळ शंखाचे दुसरे प्रसिद्ध नाव ‘ऑर्थोसेरास’. ग्रीक ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘केरास’ म्हणजे शिंग. या ‘केरास’चे मूळ संस्कृत ‘शृंग’ आणि मराठी ‘शिंग’ यांच्या मुळाशी जुळते. नावे पाहता काठी काय आणि सरळ शिंग काय, वस्तू एकच असावी असे कोणासही वाटेल, आणि संग्राहकांची पहिली गफलत बहुधा येथेच होते. ऑर्थोसेरास हा अमोनाइट नव्हेच. तो नॉटिलसाच्या गोतातील असून बॅक्युलाइटीसच्या तीस कोटी वर्षांहून अधिक आधी समुद्रात वावरत होता. मोरोक्कोतून येणाऱ्या काळ्या, गुळगुळीत केलेल्या शिळांत जे पांढरे निमुळते शंख दिसतात आणि जे जगभरच्या बाजारात याच नावाने विकले जातात, ते या जुन्या गोतातील आहेत.

दोहोंतील भेद ओळखण्यास नावाचा उपयोग नाही. शंखाच्या आतील रचना पाहावी लागते. शीर्षपाद वर्गातील या प्राण्यांचा शंख आतून पडद्यांनी विभागलेला असे. प्राणी वाढत जाई तसतसा तो पुढे सरके आणि मागे एक नवा पडदा घालून रिकामी जागा बंद करी. या बंद कप्प्यांतील वायू आणि द्रव यांचे प्रमाण एका बारीक नळीच्या साहाय्याने बदलून तो पाण्यात आपला तोल सांभाळी. स्वतः प्राणी राही तो शेवटच्या, मोठ्या व उघड्या कप्प्यात. नॉटिलसाच्या गोतात हे पडदे साध्या वाटीसारखे असल्याने शंखाच्या भिंतीला ते जेथे मिळतात तेथे साधी वक्र रेषा उमटते आणि नळी बहुधा कप्प्यांच्या मधोमध जाते. अमोनाइटात मात्र पडद्याची कड चुणीदार असते. तिची भिंतीशी होणारी सांधरेषा फांद्यांनी फुटलेल्या नेचाच्या पानासारखी दिसते आणि नळी शंखाच्या कडेने जाते. बाहेरचे कवच झिजून गेलेल्या ठशावर ही सांधरेषा एखाद्या कोरीव नक्षीप्रमाणे उठून दिसते. काठीसारखा सरळ अश्म हाती आला आणि त्यावर अशी नक्षी असली, तर तो अमोनाइट. साधी वलये असली, तर नव्हे. गोळीच्या आकाराचा, भरीव, आणि तोडला असता केंद्रापासून कडेकडे जाणारे तंतू दाखविणारा अश्म असेल तर तो तिसराच, म्हणजे बेलेम्नाइट. कच्छात आणि हिमालयातील स्पितीच्या शेल खडकात हे बेलेम्नाइट मुबलक सापडतात आणि नवख्यांना हमखास चकवितात.

बॅक्युलाइटीस जन्मतः सरळ नव्हता, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच्या शंखाचे अगदी आरंभीचे टोक एकदोन वेढ्यांचे असते. हा वेढा काही मिलिमीटरांचाच असल्याने तो क्वचितच टिकतो. पुढील सर्व वाढ सरळ होते. म्हणजे पूर्वजांची खूण बाळपणीच्या शंखात शिल्लक राहते आणि नंतर प्राणी आपली स्वतंत्र वाट धरतो. वाटोळ्या शंखाचा त्याग या प्राण्याने का केला, आणि तो पाण्यात डोके खाली करून उभा राही की आडवा तरंगे, यावर पुष्कळ लिहिले गेले असून मतभेद अद्याप मिटलेले नाहीत. त्याच्या आहाराविषयी मात्र अधिक निश्चित माहिती हाती आली आहे. २०११ मध्ये काही नमुन्यांची सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी तपासणी करण्यात आली, तेव्हा बॅक्युलाइटीसच्या जबड्यात बारीक दातांची पट्टी आढळली आणि तोंडात सूक्ष्म समुद्री जीवांचे, त्यात एका लहानशा कवचधारी जीवाचे व गोगलगायीच्या पिलाचे, अवशेष सापडले. अश्मीभूत प्राण्याच्या तोंडातील शेवटचा घास पाहावयास मिळावा, असे योग विरळाच.

अखंड बॅक्युलाइटीस सापडणे हे भाग्याचे लक्षण समजतात. काही जातींचा शंख मीटरभराहून लांब होई. तो समुद्रतळाशी पडल्यावर पडद्यांच्या जागी तुटत असे. म्हणून हाती येतात ते बहुधा तुकडे, आणि कप्प्यांचे सुटे ठसे तर मणक्यांसारखे दिसतात. मास्त्रिख्त येथील नमुन्यांवरून लामार्कने नाव दिलेल्या जातीचे ‘व्हर्टिब्रालिस’ हे विशेषण याच साम्यावरून आलेले आहे. उत्तर अमेरिकेतील ब्लॅकफूट लोकांना या तुकड्यांत बायसनाची आकृती दिसली. ते त्यांना ‘इनिस्किम’ म्हणत आणि बायसनांचे कळप आपल्याकडे ओढून आणण्याचे सामर्थ्य त्यांत आहे असे मानून विधिपूर्वक जतन करीत. एका समाजाला शंखाच्या वेटोळ्यात विष्णूचे चक्र दिसावे आणि दुसऱ्याला शंखाच्या तुटक्या कप्प्यात आपल्या अन्नाचे पशू दिसावेत, ही तुलना लोकभाषेच्या अभ्यासकाने मनन करण्याजोगी आहे. दोन्ही ठिकाणी अश्माचे नाव त्याच्या उत्पत्तीवरून पडलेले नाही. ते त्याच्या उपयोगावरून आणि स्थानावरून पडले आहे. शालग्राम हे नाव मुळात गंडकीकाठच्या एका स्थळाचे. मराठीने त्यातील लकाराचा ळकार करून ते आपलेसे केले, परंतु त्याचा स्थानवाचक अर्थ ती विसरून गेली.

भारतात सरळ शंखाचे अमोनाइट पाहावयाचे तर दक्षिणेस तामिळनाडूत जावे लागते. पुदुच्चेरी आणि तिरुचिरापल्ली यांच्या आसपास खटी युगातील समुद्राने मागे ठेवलेले थर उघडे पडले आहेत. १८४० नंतरच्या काही वर्षांत के आणि कनलिफ या दोन इंग्रज गृहस्थांनी तेथून अश्मांचा संग्रह केला. त्याचे वर्णन एडवर्ड फोर्ब्स याने लंडनमध्ये १८४६ साली प्रसिद्ध केले. त्यात बॅक्युलाइटीसच्या ज्या जाती आहेत, त्यांपैकी एकीला त्याने ‘व्हजायना’ हे नाव दिले; लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ तलवारीचे म्यान असा आहे आणि चपट्या, लांबट शंखाला तो चपखल बसतो. हीच जात आज यूबॅक्युलाइटीस या, १९२६ मध्ये स्पाथ याने वेगळ्या काढलेल्या प्रजातीत गणली जाते. फोर्ब्सनंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या वतीने फर्डिनांड स्टोलिच्का याने दक्षिणेतील अमोनाइटांचा जो मोठा ग्रंथ १८६०च्या दशकात सिद्ध केला, तो अद्यापही या विषयाचा पाया मानला जातो. स्टोलिच्का १८७४ मध्ये यारकंदहून परतताना लडाखमध्ये मरण पावला आणि लेह येथे त्याचे दफन झाले. ज्याने समुद्रातील शंखांचा अभ्यास केला त्याला अखेरची जागा जगातील अत्युच्च प्रदेशांपैकी एकात मिळावी, हा एक योगायोग. अर्थात लेहच्या परिसरातील डोंगरही एकेकाळी समुद्रतळच होते.

आता मावळाकडे वळावयाचे. लोणावळा, खंडाळा, कार्ले, भाजे, बेडसे या टापूत कोणी कितीही डोंगर पालथे घातले तरी त्याला बॅक्युलाइटीस मिळणार नाही. वेटोळ्याचा अमोनाइटही नाही. याचे कारण साधे आहे: येथील कातळ समुद्रात साचलेल्या गाळाचा नसून जमिनीवर वाहत आलेल्या लाव्ह्याचा आहे. सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेल्या दख्खनच्या या थरांची रासायनिक घटकांच्या आधारे विभागणी १९८०च्या दशकात करण्यात आली. त्या वर्गीकरणात खालून वर कळसूबाई, लोणावळा आणि वाई असे तीन उपगट येतात. लोणावळा उपगटात पुन्हा दोन रचना आहेत, खाली खंडाळा आणि वर बुशे. घाटातील गावांची नावे अशा रीतीने जगाच्या भूशास्त्रीय कोशात गेली, ही बाब मावळवासीयांना फारशी ठाऊक नाही.

लाव्ह्याच्या खाली तरी एखादा बुजलेला समुद्र असेल, अशी कल्पना करणे स्वाभाविक आहे. तिला पुरावा मात्र अनुकूल नाही. मावळाच्या दक्षिणेस कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी जे खोल वेध घेण्यात आले, त्यांत सुमारे ९३० मीटर जाडीचा बेसाल्ट थेट ग्रॅनाइटी पायावर बसलेला आढळला. मध्ये सागरी गाळाचा थर नाही. खटी युगातील समुद्राची एक शाखा नर्मदेच्या खोऱ्यात बाघपर्यंत शिरली होती आणि तेथे अमोनाइट सापडतात, परंतु ते वेटोळ्याचे. मावळाच्या सर्वांत जवळचे प्रसिद्ध अश्म म्हणजे मुंबई बेटावरील, लाव्ह्याच्या थरांमध्ये दबलेल्या गाळातील बेडूक आणि कासव. हे गोड्या पाण्याचे जीव आहेत. समुद्र आज मुंबईला तिन्ही बाजूंनी वेढून आहे. त्या गाळात मात्र डबक्यांचीच साक्ष मिळते.

असे असूनही मावळचा कातळ बॅक्युलाइटीसच्या कथेबाहेरचा नाही. अमोनाइटांचा शेवट सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी, खटी युगाच्या अखेरीस झाला. त्याच सुमारास दख्खनचे बहुतेक लाव्हाप्रवाह बाहेर पडले. २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी, एकाने अरगॉनच्या आणि दुसऱ्याने युरेनियम व शिसे यांच्या पद्धतीने, या थरांचे अत्यंत सूक्ष्म कालमापन प्रसिद्ध केले. दोहोंचे निष्कर्ष तंतोतंत जुळत नाहीत. प्रवाहांचा मोठा भाग त्या युगान्ताच्या आधी आला की नंतर, यावर त्यांचा वाद आहे. परंतु युगान्ताची रेषा लोणावळा उपगटाच्या माथ्याशी किंवा त्याहून काहीशी वर, वाई उपगटाच्या खालच्या भागात पडते, एवढे त्या मापनांतून निघते. याचा अर्थ असा की खंडाळ्याच्या घाटात जे थर दिसतात ते थिजत असताना पृथ्वीवरील समुद्रांत बॅक्युलाइटीस अजून पोहत होते. युगान्ताचे मुख्य कारण मेक्सिकोतील चिक्शुलुब येथे झालेला उल्कापात होता की दख्खनच्या ज्वालामुखीने वातावरणात सोडलेल्या वायूंचाही त्यात मोठा वाटा होता, हा वाद आजही चालू आहे, आणि त्यात मावळचा दगड साक्षीदार म्हणून उभा केला जातो. डेन्मार्कमधील स्टेव्हन्स क्लिंट येथे आणि नेदरलँड्समध्ये मास्त्रिख्तजवळ युगान्ताच्या रेषेच्या लगेच वर बॅक्युलाइटीस व त्याचे काही सोबती सापडले आहेत. ते खालच्या थरातून उकरले जाऊन वर आले, की खरोखरच काही काळ तग धरून राहिले, यावर बराच खल झाला. तग धरून राहिल्याचा पक्ष अलीकडे बळकट झाला आहे.

मावळात अश्म नाहीत, तरी अश्माचा भास करून देणाऱ्या वस्तू येथे विपुल आहेत. लाव्ह्याच्या प्रवाहाच्या तळाशी, ओलसर जमिनीवरून तो सरकताना, वायू वर चढू लागतो आणि थिजणाऱ्या रसात बोटभर जाडीच्या उभ्या नळ्या राहतात. पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजे त्यांत साचतात. अशी पांढरी, निमुळती, किंचित वाकलेली नळी काळ्या खडकात पाहून तो सरळ शंख आहे असे समजणे अगदी सोपे आहे. परंतु तिच्यात पडदे नसतात, सांधरेषा नसते, आणि अशा नळ्या रांगेने एकाच पातळीवर, एकाच दिशेस झुकलेल्या आढळतात. ती दिशा प्रवाहाची असते. दुसरा चकवा कॅल्सिडोनीच्या लोंबत्या कांड्यांचा. खडकातील पोकळीत त्या वरून खाली वाढतात आणि तोडल्यास एकाभोवती एक अशी वलये दाखवितात. ही वलये आडव्या छेदातील असतात. शंखाचे पडदे लांबीच्या छेदात पाहावयाचे असतात. तिसरा चकवा स्कोलेसाइटाच्या सुयांच्या जुडग्याचा, तो सहज ओळखू येतो.

या भासमान वस्तू काही टाकाऊ नव्हेत. भोर घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पुरे झाले. त्या काळात कातळ फोडताना झिओलाइट गटातील खनिजांचे जे स्फटिक निघाले ते युरोपातील संग्रहालयांत गेले. स्टिल्बाइट, ह्यूलॅंडाइट, अपोफिलाइट ही नावे तेव्हापासून या प्रदेशाशी जोडली गेली आहेत. मराठीत या सर्वांना सर्रास ‘गारगोटी’ म्हणतात. गारगोटी म्हणजे वास्तविक चकमकीसाठी वापरावयाचा कठीण, पांढरा दगड. सिन्नर येथील प्रसिद्ध खनिज संग्रहालयाला हेच नाव आहे आणि ते शोभून दिसते. पण नखाएवढ्या बळाने तुटणाऱ्या सुईलाही तोच शब्द लावला की त्याचा मूळ अर्थ उरत नाही. ‘शंख’ या शब्दाचीही हीच अवस्था आहे. गोगलगायीच्या कवचापासून अमोनाइटापर्यंत सर्वांना तो पुरतो, म्हणून कोणालाच नीट बसत नाही. ‘जीवाश्म’ हा शब्द नवा असून काटेकोर आहे. तो रूढ झाला हे चांगले झाले.

शब्दांचा हा सैलपणा घरगुती बोलण्यात चालतो, संग्रहाच्या चिठ्ठीवर चालत नाही. मोरोक्कोतील एर्फूद गावाजवळचे अमोनाइटवर्गीय अश्म तेथील विक्रेत्यांकडून सहज विकत मिळतात. पंजाब विद्यापीठातील एका प्राध्यापकाने पंचवीसेक वर्षे हिमालयाच्या निरनिराळ्या भागांतून मिळालेले म्हणून जे अश्म प्रसिद्ध केले, त्यांपैकी काही या एर्फूदच्या अश्मांशी विलक्षण जुळतात, आणि काही सूक्ष्म दातांसारखे अश्म न्यूयॉर्क राज्यातील एका ओढ्यातील ज्ञात नमुन्यांशी जुळतात, असे ऑस्ट्रेलियन भूशास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. या एका प्रकरणामुळे हिमालयाच्या थरांविषयीचे शेकडो निबंध संशयास्पद झाले आणि त्यांवर विसंबून काम केलेल्या अनेक निरपराध अभ्यासकांचे श्रम वाया गेले. अश्म खरेच होते. खोटी होती ती स्थाननोंद. बाजारातून आणलेला एखादा मोरोक्कन ऑर्थोसेरास महाविद्यालयाच्या कपाटात ‘लोणावळा’ अशा चिठ्ठीसह शिरला, तर पन्नास वर्षांनी तो मावळात समुद्र होता असा पुरावा म्हणून कोणी पुढे करणार नाही, याची हमी कोण देणार?

म्हणून संग्राहकाचे पहिले साधन हातोडा नव्हे, वही होय. खाणीत शिरण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी संरक्षित स्मारके आहेत; तेथील कातळाला छिन्नी लावणे हा अपराध आहे. नमुना खडकातून सोडविण्यापूर्वी तो कोणत्या थरात, कोणत्या उंचीवर, कसा बसला होता हे लिहावे. नळी असेल तर ती कोणत्या दिशेस झुकली होती याची नोंद करावी. तेवढ्यावरून प्रवाहाची दिशा कळते. तुकडा घासून चकचकीत करण्याची घाई करू नये, कारण घासताना खुणा जातात. दक्षिणेतून आणलेल्या बॅक्युलाइटीसचे तुकडे एकत्र डिंकाने चिकटवून अखंड शंख बनविण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. दोन निरनिराळ्या व्यक्तींचे तुकडे जोडून एक लांब शंख केल्याचे नमुने बाजारात सर्वत्र दिसतात.

स्थळाचे नाव लिहिताना मात्र ‘मावळ’ एवढ्याने भागत नाही. हे नाव जुने आहे. कार्ल्याच्या सातवाहनकालीन लेखांत ‘मामल’ या विभागाचा उल्लेख येतो आणि त्याचा संबंध मावळाशी लावला जातो. लेण्यांच्या जागेला तेथे ‘वलूरक’ म्हटले आहे. परंतु दोन हजार वर्षे टिकलेले नावदेखील एवढ्या मोठ्या प्रदेशाला व्यापते की त्यावरून थर कळत नाही. एकोणिसाव्या शतकातील संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर नुसते ‘पूना’ लिहिलेले आढळते. तो नमुना घाटातील बोगद्यातून आला, की शहराजवळच्या खाणीतून, की दुसऱ्याच जिल्ह्यातून पुण्याच्या व्यापाऱ्याकडे आला, हे आता कोणासही सांगता येणार नाही. वाडीचे नाव, जवळचा ओढा, रस्त्याचा किलोमीटर दगड, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि दिनांक, एवढे चिठ्ठीवर असावे, आणि तीच अक्षरे वहीतही असावीत.